बीकू, बीडा आणि बाराशे टॉवेल

सोलापूर,
शनिवार, दि. १४ जून २०२५, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. (या वेळी मी खिडकीच्या गजाला एक ओला टॉवेल बांधून, वाळल्यावर तरी त्याचा रंग बदलतो का, हे पाहत बसलो होतो. बदलत नाही.)

तीर्थस्वरूप प्रभुलिंगमामांस,
बसवेशचे शरणु शरणार्थ. (तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहावे, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. आमच्या कारखान्यात हे एकालाही माहीत नाही.)

तुमची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न लोक रीत म्हणून विचारतात, मी मात्र खरोखर विचारत आहे. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांच्या अहवालात पान एकतीसवर तुमच्याविषयी ‘मूळ लेखक उपलब्ध नाही, बहुधा हयात नाही’ असे छापले आहे. अहवाल इंग्रजीत असल्यामुळे मी ते वाक्य शब्दकोश घेऊन तीनदा तपासले. गेल्या सोमवारी तुम्ही आईला मैंदर्गीहून वांगी पाठवलीत, त्याअर्थी तुम्ही हयात आहात असे आम्ही धरून चाललो आहोत. आई म्हणाली, वांगी किडकी होती, म्हणजे नक्की त्यानेच पाठवली. मामींना माझा नमस्कार सांगावा.

खरे म्हणजे फोनच करायचा. पण कारखान्याचे नाव निघाले की तुम्ही ‘आवाज येईना बघ’ म्हणता, आणि मागून मामी ‘येतोय की चांगला’ म्हणतात, आणि मग फोन बंद होतो. म्हणून हे पत्र उद्या सकाळी मैंदर्गीच्या गाडीच्या वाहकाकडे देतो आहे. कृपया कारखान्याचे नाव आले तरी फाडू नये. सोमवारी, दि. १६ रोजी सकाळी अकरा वाजता आपले शेट शिवानंदअण्णा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून झालेली चूक कुणाची ते ठरवणार आहेत, आणि ज्याची ठरेल त्याने आपला जेवणाचा डबा उचलून घरी जायचे आहे, कायमचे. मी तिथे सहा वर्षे संगणकापाशी बसतो, घरात पगार माझा एकट्याचा येतो, आणि कालपासून मला अन्न जात नाही. तेव्हा जे घडले ते क्रमाने आणि पक्षपात न करता लिहितो. (पक्षपात न करताही तज्ज्ञ मूर्खच ठरतात, त्याला माझा इलाज नाही.)

मे महिन्यात अण्णा पुण्याला एका लग्नाला गेले. जेवताना शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी विचारले की तुमचा कारखाना कोणत्या प्रणालीवर चालतो. अण्णा मोठ्या अभिमानाने म्हणाले, आमच्याकडे एका कारकुनाने अठ्ठ्याण्णव साली लिहिलेला प्रोग्राम आहे, आजवर एकदाही बंद पडला नाही. (कारकुनाचे नाव त्यांनी घेतले नाही. तुमचे आणि त्यांचे जे आहे ते आहे, मी त्यात पडत नाही.) त्यावर त्या गृहस्थांनी हातातला घास पानात ठेवला आणि सांगितले की एकदाही बंद न पडणे हेच सर्वांत धोक्याचे लक्षण होय. माणूस कधीच आजारी पडला नाही की एकदम जातो, तसे. ते गृहस्थ जुन्या झालेल्या आणि ज्यांच्यावाचून धंदा बंद पडेल अशा संगणक-प्रणालींचे तांत्रिक विश्लेषण करणारे तज्ज्ञ निघाले. लग्नात वैद्य शेजारी बसला की जेवणारा आजारीच निघायचा, हे अण्णांना कळायला हवे होते. कळले नाही. त्यांनी जिलबी संपायच्या आत होकार दिला.

तज्ज्ञ आठवड्याभरात आले. एक मोठे साहेब (नाव लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही) आणि त्यांच्यामागे त्यांची बॅग धरणारे दुसरे साहेब. तुमचा संगणक तेव्हा तुम्ही ठेवलात तिथेच होता, रंगखात्याच्या भिंतीला लागून, वरती बसवेश्वरांचा फोटो. मी रोज सकाळी त्याला पुसत असे आणि विभूतीचे बोट लावत असे. मोठ्या साहेबांनी त्या विभूतीचा फोटो काढला. तो पुढे अहवालात ‘देखभालीची सद्यःस्थिती’ या मथळ्याखाली छापून आला. प्रोग्रामला ते सारखे ‘लेगसी, लेगसी’ म्हणत. शब्दकोशात त्याचा अर्थ वारसा असा आहे, पण ते ज्या तोंडाने म्हणत त्यावरून मला तो सुतक असावा असे वाटे.

तुम्ही लिहिलेले तुम्हालाच काय सांगायचे, पण त्यांना सांगायला मला एक मिनिट लागले. काळ्या पडद्यावर रंगाचा नंबर टाकायचा, किलोमागे कुठला रंग किती ग्रॅम ते तो सांगतो, चिठ्ठी छापतो, आणि उदयसिंह ती चिठ्ठी बघून टाकीत रंग सोडतो. संपले. एका मिनिटाच्या या गोष्टीचे त्यांनी तीन दिवस विश्लेषण केले. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर पिवळे कागद चिकटवले. दुसऱ्या दिवशी ते पंख्याने उडाले, म्हणून पुन्हा चिकटवले. तिसऱ्या दिवशी मुलाखती घेतल्या. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या केराबाईंनाही खुर्चीत बसवून विचारले की ही प्रणाली वापरताना तुमचा अनुभव कसा आहे. केराबाई म्हणाल्या, “मला काय इचारताय सायेब, मी घडी घालती. त्या पेटीला मी हातबी लावला न्हाय. पन ती बंद पडली तर समदी चा प्यायला जातील, येवढं मातुर नक्की.” हे अहवालात पान अठरावर आहे, केराबाईंच्या नावाशिवाय, आणि त्याला ‘कार्यखंडाच्या परिणामांचे गुणात्मक मूल्यमापन’ म्हटले आहे. केराबाईंना मी ते वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, आसं मी कदी बोलले?

जेवण अण्णांच्या घरी असे. अण्णांच्या मातोश्री पार्वतम्मा स्वतः वाढायच्या. त्यांना मराठी समजते, पण वाढताना त्या कन्नडच बोलतात. त्यांच्या मते मराठीत आग्रह करता येत नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर गव्हाची गोड हुग्गी. प्रत्येक वेळी डाव उचलून त्या मोठ्या साहेबांना विचारत, “बेकु? ब्याड?” साहेबांनी मला विचारले, या काय म्हणतात? मी सांगितले, ‘हवं का, नको का’ असे विचारतात. साहेब हसले आणि दोन दिवस ‘बेकु, बेकु’ म्हणत हुग्गी खाऊन गेले. हे वाक्य, मामा, कृपया लक्षात ठेवावे. माझ्या तोंडाने, माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला, मी त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला होता, आणि त्याने तो हुग्गीबरोबर गिळला.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही प्रोग्राममध्ये प्रत्येक रंगाचे दोन कप्पे केलेले आहेत. गिऱ्हाइकाने पसंत केलेली मापे एकात, नापसंत केलेली दुसऱ्यात. नापसंत कशाला जपून ठेवायची, असे कुणीतरी विचारले तेव्हा तुम्ही म्हणाला होता म्हणे, काय करायचं नाही ते लिहून ठेवलं नाही तर माणूस तेच पुन्हा करतो. (ही गोष्ट आईने मला सांगितली आहे. ती तुमच्या सगळ्या गोष्टी सांगते, फक्त तुमच्यासमोर सांगत नाही.) या कप्प्यांना तुम्ही इंग्रजी अक्षरांत नावे दिलीत. एकाचे बी-ई-के-यू, दुसऱ्याचे बी-ई-डी-ए. मोठे साहेब त्यांना ‘बीकू’ आणि ‘बीडा’ म्हणत. ज्या माणसाने दुपारी ‘बेकु’ म्हणून दोनदा वाढून घेतले तोच माणूस तीन वाजता ‘बीकू’ म्हणत होता, आणि त्याचे त्यालाच ओळखू येत नव्हते. याला पुण्यात तज्ज्ञ म्हणतात.

कार्यालयातर्फे त्यांना प्रोग्राममधल्या सर्व नावांची एक अर्थासह यादी दिली गेली होती. (ती कुणी केली हा मुद्दा गौण आहे.) तिच्या आधारे शहाऐंशी पानांचा, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांचा अहवाल तयार झाला आणि अण्णांच्या केबिनमध्ये पडदा लावून दाखवला गेला. आम्ही सगळे मागे उभे होतो. मोठे साहेब म्हणाले की बीकू म्हणजे ‘बॅकअप’ या शब्दाचे अशुद्ध रूप. जुन्या, टाकाऊ प्रती. त्या सत्तावीस वर्षे नुसती जागा अडवून बसल्या आहेत. आणि बीडा? बीडा म्हणजे ‘बेस्ट डेटा’, सर्वोत्कृष्ट माहिती, कारखान्याचा खरा खजिना. टाळ्या वाजल्या. (मीही वाजवल्या. सगळे वाजवत असताना न वाजवणे बरे दिसत नाही.) मामा, तुमचे स्पेलिंग अशुद्ध! ज्यांनी मला ‘ऱ्हस्व’ लिहायला शिकवले त्यांचे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी बीकू पुसून टाकला, बीडा नव्या संगणकात घातला, आणि तुमचा जुना संगणक ‘सुरक्षित विल्हेवाटीसाठी’ टेंपोत घालून नेला. त्याबद्दल एक प्रमाणपत्र मिळाले. प्लॅस्टिकमध्ये घालून ते बसवेश्वरांच्या फोटोखाली लावले आहे. जिथे यंत्र होते तिथे आता यंत्र गेल्याचा दाखला आहे.

नव्या संगणकावर पहिलीच मागणी टेंभुर्णीच्या रावजींची निघाली. हायवेवर त्यांचे नवे हॉटेल पंचवीस तारखेला उघडते आहे. त्यांच्या वडिलांच्या जुन्या लॉजवर फिकट बदामी टॉवेल असत, नंबर ११८, तोच रंग त्यांना बाराशे टॉवेलांना हवा होता. पंधरा वर्षांत तो कुणी मागितला नव्हता, त्यामुळे उदयसिंहलाही माप पाठ नव्हते. मी नंबर टाकला, चिठ्ठी निघाली. उदयसिंह चिठ्ठीकडे बघत म्हणाला, “बसवेश, ह्यात हिरवा लई दिसतोय की रं.” मी त्याला सांगितले की हा सर्वोत्कृष्ट डेटा आहे. तो म्हणाला, बरं, सर्वोत्कृष्ट तर सर्वोत्कृष्ट.

गुरुवारी टाकी उघडली. मामा, काविळीच्या माणसाच्या डोळ्यांवर कुणी वरण सांडले तर जो रंग होईल, तो. बाराशे. शुक्रवारी रावजी स्वतः गाडी घेऊन आले, एक टॉवेल दोन बोटांत धरून उजेडात नेला, आणि अण्णांना म्हणाले, “शेट, माज्या हाटेलात मानसं ऱ्हायला येनार हायत, का पेशंट?” अण्णांनी उदयसिंहकडे बघितले, उदयसिंहने माझ्याकडे बघितले, मी नव्या संगणकाकडे बघितले. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन लागला. ते म्हणाले, प्रणाली निर्दोष आहे, चूक पुरवलेल्या माहितीत असणार, यादी कुणी केली ते बघा. (सत्तावीस वर्षे चाललेले चार दिवसांत मोडून प्रणाली निर्दोष! याला मी दुसरे काय म्हणू? कोडगेपणाला शब्दकोशात दहा शब्द आहेत, दहाही कमी पडतात.) रावजींनी बावीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर ते इचलकरंजीहून घेणार आहेत. त्यानंतर अण्णांनी सोमवारचे ते सांगितले.

मी त्यातला एक टॉवेल घरी आणला. दारातून आत आलो तसे आईने तो हातातून घेतला, उलटा केला, आणि म्हणाली, “अय्यो, हा कुटनं काढलास? ह्यो तर आपला बेड टॉवेल!” मामा, मी उभ्याउभ्या ओळखला. लहानपणापासून मी ज्या टॉवेलने अंग पुसले तोच हा रंग. आपल्या घरात ते सहा टॉवेल होते, आणि त्यांना बेड टॉवेल म्हणत. मी आजवर समजत होतो की ते पलंगावर घालायचे असतात. सातवीत मी घरातल्या कपड्यांची यादी केली होती, त्यातही ‘बेड टॉवेल, नग ६, पलंगासाठी’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आहे. आई कपाळावर हात मारून म्हणाली, “पलंगाचा न्हवं रे यप्पा! नको असलेला. प्रोग्रामचे पाच हजार द्यायचे ठरवून तुज्या मामाला शेटनी हे गिऱ्हाइकानं परत धाडलेले सहा टॉवेल दिले. त्यानं आणून आपल्या घरात टाकले आनि म्हणाला, घे, हे बेड. त्यो कन्नड शाळंत शिकलेला, पुस्तकातलं बोलतो. आपन ब्याड म्हनतो, त्यो बेड म्हनतो.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. बी-ई-डी-ए. बी-ई-के-यू.

तेव्हा हे असे आहे. शहाऐंशी पाने, पिवळे कागद, तीन दिवस हुग्गी, आणि सगळ्या सोलापुरात ज्या दोन शब्दांवर पंगत चालते ते दोन शब्द त्यांना वाचता आले नाहीत. मला सोमवारी अण्णांसमोर हेच सांगायचे आहे. इकडे बाकी सर्व ठीक. आईचे गुडघे तसेच. पाऊस अजून नाही. कळावे, लोभ आहेच, तो कारखान्यामुळे कमी करू नये.

तुमचा आज्ञाधारक,
बसवेश

ता. क. १ : तुम्ही कारखाना सोडलात तेव्हा निळ्या पुठ्ठ्याची एक वही बरोबर नेलीत, तिच्यात प्रत्येक रंगाचे पसंत झालेले माप तुमच्या हातचे आहे, असे आई म्हणते. ती वही रद्दीत गेली नसेल तर नंबर ११८ चे पान, किंवा नुसते आकडे, याच वाहकाबरोबर परत पाठवावेत. बावीस तारखेपर्यंत बाराशे टॉवेल पुन्हा विणून रंगवता येतील, उदयसिंह म्हणतो रात्रपाळी करू. वहीचा उल्लेख मी अण्णांसमोर तुमच्या परवानगीशिवाय करणार नाही.

ता. क. २ : वर ज्या यादीचा मुद्दा मी गौण म्हटला आहे ती यादी मी केली. ‘बीडा’ला मी प्रश्नचिन्ह घातले होते, बेस्ट डेटा हे साहेबांचे स्वतःचे. पण बी-ई-के-यू असे स्पेलिंग मी कुठल्याच शब्दकोशात पाहिले नव्हते. मला वाटले, मामा तेव्हा घाईत असतील. तुमची चूक लोकांसमोर दिसू नये म्हणून मी ती तांबड्या शाईने सुधारून शेजारी ‘बॅकअप’ असे लिहिले. तज्ज्ञांनी माझी यादी विश्वासाने घेतली. तिच्यावर माझी सही आहे, तारखेसह. म्हणून एक विनंती आहे, तीच खरी. तुम्ही सोमवारी अकराच्या आत अण्णांना एक फोन करून एवढेच म्हणावे, ‘ते स्पेलिंग माझ्याच हातून चुकले होते.’ तुम्ही नाहीतरी त्यांच्याशी बोलत नाही, अहवालाप्रमाणे तुम्ही हयातही नाही, तेव्हा तुमचे नुकसान काहीच नाही, आणि माझी नोकरी राहील.

ता. क. ३ : (शनिवार, संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटे.) पत्र पाकिटात घालण्याआधी शुद्धलेखन तपासावे म्हणून आईला मोठ्याने वाचून दाखवले. तज्ज्ञांच्या भागाला ती हसली. ता. क. २ संपल्यावर तिने भाकरी तव्यावरून उतरवली, माझ्याकडे न बघता, आणि एकच शब्द म्हणाली. ब्याड. (शुद्ध रूप : बेड.) तेव्हा वरील ता. क. २ मधली विनंती रद्द समजावी. खोडत नाही, कारण पक्क्या प्रतीत खाडाखोड चांगली दिसत नाही. फोन करू नये. वही मात्र पाठवावी. सोमवारी मी यादी घेऊन स्वतः केबिनमध्ये जातो, आणि मग तज्ज्ञांविषयी जे बोलायचे ते बोलतो, याच क्रमाने, उलट नाही.

हिशोब
माझा खर्च : कागद (कच्ची व पक्की प्रत) रु. १२, पाकीट रु. ५, वाहकास चहा रु. १०. एकूण रु. २७.
कारखान्याचा खर्च : तज्ज्ञांची फी करासह रु. ४,०१,२००. हुग्गीचा वेगळा धरलेला नाही.
देणे, कारखान्याकडून तुम्हाला : रु. ५,०००, सन १९९८ पासून. त्यापोटी दिलेले सहा टॉवेल तुम्ही वजा धरले नाहीत, म्हणून मीही धरले नाहीत.
देणे, माझ्याकडून : सोमवारी अकरा वाजता कळेल. डबा नेहमीप्रमाणे नेणार आहे.